घोडा कोणाचा?

आज कर्जवसुलीबद्दल बोलणार नाही, घाबरू नका. आज घोड्याबद्दल बोलायचं आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी अर्ज ठेवला. त्यांचा मुलगा दोन वर्षं रायगडकडे कामाला होता. तिथे अलिबागच्या समुद्रावर पर्यटकांना घोड्यावर बसवून फिरवतात, ते त्यानं पाहिलं. आता तो घरी आलाय आणि म्हणतो, आपल्याला समुद्र नाही तर नाही, घोडाझरी आहे ना! सुट्टीच्या दिवशी नागपूर-चंद्रपूरकडून गाड्या भरून लोक तलावावर येतात, फोटो काढतात आणि चहा पिऊन परत जातात. दोन घोडे घेतले तर काठाकाठानं चक्कर मारून आणता येईल. त्यासाठी ताईंना गटातून कर्ज पाहिजे.

बैठकीत हशा झाला. "नावातच घोडा हाय, मंग घोडा आणाच," एक काकू म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "वरातीतला घोडा पाहिला तेवढाच आमी. तो बी बँडवाल्यासंगं भाड्यानं येते." हसू ओसरल्यावर मात्र सगळ्या आमच्याकडे पाहायला लागल्या. कर्ज द्यायचं की नाही? शेळी, शिलाई मशीन, किराणा, भाजीपाला यांचा हिशोब आम्हाला पाठ आहे. घोड्याचा हिशोब आमच्यापैकी कोणीच कधी केलेला नव्हता. म्हणून आम्ही एक महिना मागून घेतला आणि घोड्याचा इतिहास वाचायला बसलो. त्यातलं जे हाती लागलं ते आज सांगतो.

सुरुवात अलिबागपासूनच करू, कारण अभ्यासदौऱ्याच्या निमित्तानं आम्ही काही जणी तिथे जाऊन आलो आहोत. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये तो बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात काम पुरं झालं. पुढे तो कान्होजी आंग्र्यांचं मोठं ठाणं होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. या किल्ल्याची गंमत अशी की भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. पाणी पुरतं उतरायच्या आधी, घोटाभर-गुडघाभर असतानाच, उंच चाकांच्या घोडागाड्या माणसांना पाण्यातून पलीकडे नेऊन सोडतात. गाडीवानच वाटाड्या असतो. कुठे खडक आहे, कुठे वाळू खचते आणि परत कधी निघायचं, हे सगळं तोच सांगतो.

आम्ही गेलो तो एकादशीचा दिवस होता. आमच्यातल्या निम्म्या जणींचा उपास. पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि पाणी पार काठाला टेकलं होतं. गाडीवान म्हणाला, "आज दोननंतर या." आम्ही विचारलं, तुम्हाला कसं कळतं? त्यानं बोटांवर हिशोब करून दाखवला. कोकणात हा हिशोब पोराटोरांना येतो. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. एकादशी म्हणजे अकरा. अकराचा पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, त्याच्या सहा तासांनी, सव्वादोनला ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पुनवेला आणि अमावस्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, आणि त्या दिवसांत पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप. त्याला ते उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी असते, त्याला भांग म्हणतात.

आता बघा, तिथ्या आम्हाला तोंडपाठ. चतुर्थी कधी, एकादशी कधी, प्रदोष कधी, हे घरात आम्हालाच विचारतात. पण त्याच तिथीवर कोणाचं पोट चालतं हे आम्हाला त्या दिवशी समजलं. समुद्र त्यांना दिवसातून काही तासच रस्ता देतो आणि तो रस्ता रोज पाऊण तासानं पुढे सरकतो. पर्यटक मात्र रविवारीच येणार. रविवार आणि सोयीची ओहोटी यांची गाठ पडली तर धंदा.

दोननंतर आम्ही गाडीत बसलो. किल्ल्यात गणपतीचं मंदिर आहे आणि गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना विहिरीला गोडं पाणी! आमच्यातल्या एकीनं ते चाखून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नाही.

परतताना आम्ही गाडीवानाला विचारलं, घोडा तुमचा का? तो हसला. घोडा शेठचा, गाडी शेठची. रोज संध्याकाळी ठरलेली रक्कम शेठला द्यायची, उरेल ते आपलं. ओहोटी अवेळी आली, पाऊस आला, गिऱ्हाईक आलं नाही, तरी शेठची रक्कम ठरलेलीच. घोडा आजारी पडला तर तेवढे दिवस तो घरी. ही गोष्ट आम्ही तेव्हा ऐकून सोडून दिली. ताईंचा अर्ज आला तेव्हा तीच पहिल्यांदा आठवली.

किनाऱ्यावरच्या बायांशीही बोलणं झालं. शहाळी, भजी, उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बायाच. घरगुती जेवणाच्या पाट्या लावलेल्या घरांत रांधणाऱ्या बायाच. लगाम हातात धरलेली बाई आम्हाला एकही दिसली नाही. पण एका घोडेवाल्याची बायको भेटली. तिनं सांगितलं, पहाटे उठून घोड्याला चंदी देणं, पाणी भरणं, लीद काढणं, संध्याकाळी अंगावरचं खारं पाणी गोड्या पाण्यानं धुऊन खरारा करणं, हे सगळं तिच्याकडे. "गिऱ्हाईक त्यांचं, घोडा माझा," असं ती म्हणाली. म्हणजे काम तिचं. पैसे कोणाच्या हातात येतात ते आम्ही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

आता मागे जाऊ. कोकणच्या किनाऱ्याला घोडा आजचा नाही. उलट हिंदुस्थानात चांगला घोडा समुद्रातूनच यायचा. अरबस्तान, इराण, होर्मुझ इकडून गलबतांत घोडे भरून ठाणे, चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरवायचे आणि तिथून घाट चढून ते राजांच्या पागेत जायचे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर हा व्यापार आपल्या मुठीत ठेवायचा प्रयत्न केला, कारण घोड्यावरच्या जकातीत मोठा पैसा होता. विजयनगर आणि विजापूर एकमेकांशी लढत होते, आणि घोडे दोघांनाही पाहिजे होते. भांडण दोघांचं, कमाई तिसऱ्याची.

तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो नावाचा व्हेनिसचा प्रवासी इकडे आला होता. ठाण्याबद्दल त्यानं लिहून ठेवलंय की तिथल्या राजानं समुद्रातल्या चाच्यांशी करार केला होता. लुटा तुम्ही, पण लुटीत जे घोडे सापडतील ते माझे. सोनंनाणं चाच्यांना आणि घोडे राजाला. राजाला घोड्याची किती गरज असेल बघा. दक्षिणेतल्या दुसऱ्या एका राज्याबद्दल त्यानं आणखी एक लिहिलंय. तिथे घोड्याची निगा कशी राखायची हे कोणाला येत नव्हतं, म्हणून घोडे भराभर मरायचे. परदेशी व्यापारी मुद्दामच जाणकार माणूस येऊ द्यायचे नाहीत, कारण घोडे मेले तर पुढच्या वर्षी परत विक्री. हे वाचून आमच्या एका काकूंना बियाण्याच्या पिशव्या आठवल्या. घरचं धानाचं बी राखणं सुटलं तेव्हापासून दरवर्षी पिशवी विकत आणावी लागते.

पण आम्हाला सगळ्यात जवळचा वाटला तो रशियाचा एक व्यापारी. त्याचं नाव अफानासी निकितीन. अलिबागच्या दक्षिणेला चौल-रेवदंडा आहे, तिथे त्याचं स्मारक आहे. १४६९ च्या सुमारास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी, हा माणूस चौल बंदरात उतरला. घरून निघाला होता माल घेऊन, वाटेत लुटला गेला. तो माल उधारीचा असावा असं अभ्यासक मानतात. मोकळ्या हातानं घरी गेलो तर सावकार दारात उभा, त्यापेक्षा पुढे जाऊ, असं त्याचं झालं. कर्जाच्या भीतीनं गाव सोडणारी माणसं आपणही पाहिली आहेत. हा तर सातासमुद्रापार आला.

त्यानं ऐकलं होतं की हिंदुस्थानात घोड्याला मोठी किंमत येते. होता नव्हता तो पैसा घालून त्यानं एक घोडा घेतला. एकच. तो गलबतात चढवला आणि काही आठवड्यांचा समुद्र पार करून चौलला उतरवला. सगळं भांडवल एका जनावरात. आमच्या गटाच्या भाषेत सांगायचं तर सगळी बचत एका म्हशीत, आणि ती म्हैस नावेत.

चौलहून घाट चढून तो जुन्नरला गेला. पावसाळा लागला म्हणून तिथे राहिला. तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, आमचा धर्म स्वीकारशील तर घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही स्वीकारलास तर घोडा गेलाच, वर हजार मोहरा तूच भर. चार दिवसांची मुदत. परक्या देशात, भाषा येत नाही, ओळख नाही. शेवटी खुरासानचा एक मुसलमान सरदार मध्ये पडला, त्यानं खानाची समजूत घातली आणि घोडा परत मिळवून दिला. पुढे बिदरला जाऊन निकितीननं तो घोडा विकला. तोवर घोड्याला महिनोन्‌महिने खाऊ घालावं लागलं, त्यामुळे फायदा काही फार झाला नाही. त्यानं लिहून ठेवलं की मला लोकांनी खोटं सांगितलं, आमच्या देशाच्या कामाचा माल इथे काही नाही. तो घरी पोचलाच नाही. वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याची वही मात्र पोचली, म्हणून आपल्याला हे कळलं.

त्या वहीत घोड्याच्या खाण्याबद्दल एक ओळ आहे. इकडे घोड्याला हरभरा देतात आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असं तो सांगतो. खिचडी हा शब्द त्यानं तसाच लिहिलाय. आमच्या बैठकीत ही ओळ वाचून दाखवली तेव्हा अर्ज करणाऱ्या ताईच म्हणाल्या, "मायबाई, पोराले भेटत नाही, घोड्याले साखर-तेलाची खिचडी!" आणखी एक त्यानं लिहिलंय. परदेशी व्यापारी धर्मशाळेत उतरतात आणि तिथे त्यांचा स्वयंपाक बायाच करतात, अंथरूण बायाच घालतात. साडेपाचशे वर्षांपूर्वीचं हे आहे. तेव्हाही घोडा पुरुषाच्या हातात आणि प्रवाशाचं पोट बाईच्या हातात.

आता मराठ्यांच्या घोड्याकडे येऊ, कारण खरा हिशोब इथे शिकायला मिळतो. आपल्याकडे चांगली जात होती भीमथडीची, म्हणजे भीमा नदीच्या काठची. अंगानं लहान, काटक, कमी खाण्यावर लांब पल्ला मारणारी तट्टं. शिवाजी महाराजांच्या फौजेत स्वार दोन प्रकारचे होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर. दोघे एकाच लढाईत जायचे, एकाच वाऱ्यापावसात भिजायचे. पण घोडा कोणाचा यावर माणसाचं नाव बदलायचं. अलिबागचा आमचा गाडीवान म्हणजे बारगीरच झाला. फरक एवढा की बारगिराच्या घोड्याला चारा सरकार द्यायचं आणि मेला तर नुकसान सरकारचं. गाडीवानाला त्यातलं काही नाही, शेठची रक्कम तेवढी आहे.

सभासदाच्या बखरीत लिहिलंय की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, आणि एक नालबंद असायचा. पावसाळ्यात फौज छावणीत परत यायची तेव्हा दाणा, वैरण, औषधं, राहायला घरं आधीच तयार ठेवलेली असायची. म्हणजे घोडा फक्त विकत घ्यायचा नसतो. त्याच्यामागे पाणी लागतं, नाल ठोकणारा माणूस लागतो, आणि कमाई नसलेल्या चार महिन्यांचं खाणं आधी साठवून ठेवावं लागतं.

महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ मुक्काम असलेल्या जुमलेदारांना ते लिहिलेलं आहे. रयतेला त्रास देऊ नका, ही त्यातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या चाऱ्याबद्दल आहे. त्याचा मतलब असा की साठवलेला दाणा-गवत आत्ताच मनमानेल तसं उधळलंत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरायला लागतील, आणि मग घोडी तुम्हीच मारली असं होईल. शिवाय तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणी धान्य आणेल, कोणी लाकूड. राजा माणूस, पण वैरणीचा हिशोब घरच्या कारभारणीसारखा करतो. आम्ही हे पत्र मोठ्यानं दोनदा वाचलं.

आपल्या झाडीपट्टीत घोड्याची आठवण वेगळी आहे. इथे ओझं ओढायला बैल, माणसं न्यायला रेंगी-खासर. घोड्यावरून आले ते नागपूरकर भोसल्यांचे स्वार. त्यांनी १७५१ मध्ये चांद्याचं गोंड राज्य संपवलं. पुढे पेंढारी आले, तेही घोड्यावरून. म्हणजे आपल्या बाजूला घोडा दिसला की काही तरी घेऊन जाणार, अशीच गत. घोड्यावर बाई म्हटली की आपल्याला ताराराणी आणि झाशीच्या लक्ष्मीबाई आठवतात, दिवाणखान्यात फोटो असतो. त्यांच्यानंतर आपल्या गावातली बाई घोड्यावर बसलेली कोणी पाहिलीय का? आमच्या बैठकीत एकही हात वर झाला नाही.

मग लढाईचा घोडा पर्यटकांच्या हातात कसा आला? इंग्रजी राज्य आलं, फौजा गेल्या, तट्टं आणि टांगे उरले. साहेब लोकांना उन्हाळा सोसेना म्हणून डोंगरावर हवा खायची ठिकाणं झाली. माथेरान त्यातलंच. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौककडून तो डोंगर चढला आणि त्यानं तिथे वस्तीची जागा शोधली. १९०७ मध्ये तिथे झुकझुक गाडी सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं सोळा लाख रुपये घालून बांधलेली. आपल्या नागपूर-नागभीड छोट्या गाडीच्याच काळातली ती. आपली गाडी मोठ्या रुळासाठी २०१९ मध्ये थांबली, त्यांची मात्र पर्यटकांसाठी राखली आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे स्टेशनापासून हॉटेलापर्यंत माणूस एक तर पायी जायचा, नाही तर घोड्यावर, नाही तर माणसानं ओढलेल्या रिक्षात. तिथे डोक्यावर पर्यटकांच्या बॅगा वाहणाऱ्यांत पायथ्याच्या आदिवासी वाड्यांतल्या बायाही आहेत.

माथेरानचा झगडा आपण समजून घेण्यासारखा आहे. २००३ मध्ये केंद्र सरकारनं तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. हातरिक्षावाल्यांनी मागणी केली की आम्हाला ई-रिक्षा द्या, किती दिवस माणूस माणसाला ओढणार? २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं प्रयोग सुरू झाला. घोडेवाले विरोधात उभे राहिले, कारण ई-रिक्षा आली की घोड्यावर कोण बसणार? शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं सांगितलं की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. दोघेही गरीब, दोघेही कष्टकरी, आणि एकाचं पोट भरलं की दुसऱ्याचं रिकामं. आमच्या मनात दोन्ही बाजू आहेत, पण माणसाला जुंपणं थांबवायला सांगितलं हे बरंच झालं असं आम्हाला वाटतं.

मुंबईत वेगळंच झालं. तिथे रात्री समुद्रकाठानं व्हिक्टोरिया नावाच्या सजवलेल्या घोडागाड्या फिरायच्या. ८ जून २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं मौजेसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांना नीट तबेले नाहीत, डांबरी रस्त्यावर त्यांचे पाय जातात, ही तक्रार होती. आणि ती खोटी नव्हती. गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना करा असंही न्यायालयानं सांगितलं. २०२१ मध्ये बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. त्यांच्यापुढे घोडा नाही. एका निकालानं पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बसला. कर्ज देताना हेही धरावं लागतं.

इथवर वाचून झाल्यावर आम्ही कायद्याकडे वळलो. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे आणि ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचं नाही. ओझं वाहणाऱ्या तट्टूच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त वजन नाही. सत्तर किलो ऐकून सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आमच्या ग्रामसंघातल्याच निम्म्या जणींना तट्टू नाही म्हणेल. आणि ३७ अंश? नागभीडला मार्चातच तेवढं होतं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत, गर्दीच्या वेळी, घोडा सावलीतच पाहिजे. किनाऱ्यावर निदान वारा असतो, ओल्या घट्ट वाळूवर टापांना मऊ जमीन असते. तलावाच्या पाळीवर गोटे आहेत.

जनावराच्या डॉक्टरांकडून आणखी काही कळलं. घोडा बैलासारखा रवंथ करत नाही आणि त्याला ओकारीही येत नाही. त्यामुळे पोटात काही अडकलं की पोटशूळ उठतो आणि वेळेत उपचार नाही झाले तर जनावर हातचं जातं. वाळू पोटात गेली तरी हेच होतं. दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ग्लँडर्स नावाचा एक रोग आहे, तो घोड्याकडून माणसालाही होतो, म्हणून घोडा घेताना रक्ताची तपासणी पाहिजेच. नाल ठोकणारा नालबंद आपल्या तालुक्यात कुठे आहे हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही.

आणि शेवटी जे सगळ्यांच्या मनात होतं पण कोणी बोलत नव्हतं, ते एका म्हाताऱ्या काकूंनी काढलं. "वाघाचं काय?" घोडाझरीचं जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. आमच्यातल्या किती तरी जणींच्या गाई-बकऱ्या वाघानं नेल्या आहेत, मोहफुलं वेचायला जाताना अंगावर काटा येतो. अलिबागच्या घोडेवाल्याला भरतीची वेळ सांभाळावी लागते. आपल्याला सकाळ-संध्याकाळ सांभाळावी लागेल, आणि उन्हामुळे नेमकी तीच वेळ घोडा फिरवायची. इथे घोडं पेंड खातं.

ताई रडवेल्या झाल्या होत्या. मुलगा परत कामाला लांब जाईल ही त्यांची खरी भीती. घोड्याचं निमित्त होतं, पोरगा गावात राहावा ही इच्छा होती. ताडोब्याच्या गेटांवर गावची पोरं गाईड झाली, काही बायाही झाल्या, मग आमच्या तलावावर काहीच का नाही, हा त्यांचा प्रश्न आम्हाला खोटा म्हणता येत नाही.

बैठकीत ठराव झाला तो असा. अर्ज फेटाळला नाही, पुढे ढकलला. अभयारण्याच्या हद्दीलगत घोडे फिरवायला परवानगी मिळते का, हे मुलानं वन कार्यालयात जाऊन लेखी विचारायचं. दिवाळीच्या सुट्टीत वरातवाल्याकडून एक घोडा चार दिवस भाड्यानं आणून पाहायचा आणि रोजचा जमाखर्च वहीत मांडायचा, त्यात चंदी आणि पाणी भरणाऱ्या बाईची मजुरीही धरायची. ही शेवटची अट अर्ज करणाऱ्या ताईंनीच सांगितली. आणि पुढे घोडा घ्यायचाच ठरला तर पावती ताईंच्या नावावर.

मुलाला हे कळलं तेव्हा तो आमच्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, आईले लगाम धरता येते का?" ताई मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बैल हाकला ना आतापावतर. शिकव तू." पुढची बैठक पाच तारखेला आहे. वन कार्यालयाचं उत्तर आलं तर तेव्हा वाचून दाखवू.